मागील दारचा काळा-पिवळा कोळी आणि पोफळीचा कोळेरोग

प्रश्न (गोव्यातील सत्तरी तालुक्यातला एक बागायतदार) : चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीसाठी) सुपारीचा घड काढायला कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, निघालो, तर न्हाणीच्या कोपऱ्यापासून पहिल्या पोफळीपर्यंत जाळे आणि त्यात हाताच्या पंजाएवढा काळा-पिवळा कोळी. फोटो पाठवला आहे. विषारी आहे का? यंदा सुपारी गळवणारा कोळेरोगही आहे, तो यानेच आणला का? कोणते औषध मारू?

उत्तर : आधी पंप खाली ठेवा. फोटोतला कोळी म्हणजे जायंट वूड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. पोटावर उभे पिवळे पट्टे, काळ्या पायांच्या सांध्यांवर पिवळा रंग. तरीही शंका असेल तर कोवळ्या उन्हात जाळे तिरके पाहा, धागा सोनेरी चमकतो. (पाय फुलीसारखे जोडून बसलेला आणि जाळ्यावर पांढरी नागमोडी नक्षी काढणारा असेल, तर तो सिग्नेचर स्पायडर. तोही बिनधोक.)

तुमच्याकडची ही मादी. नुसते अंग 3 ते 5 सेंटीमीटर, बाकी सगळा पसारा पायांचा. जाळ्याच्या वरच्या भागात जेमतेम 5-6 मिलिमीटरचा तांबूस कोळी दिसला तर ते तिचे पिल्लू समजू नका, तो नर! पावसाळा सरता सरता माद्या पूर्ण वाढतात, म्हणून त्या एकदम नजरेत भरतात.

विष आहे, पण ते किड्यांपुरते. हातात दाबली गेली तरच चावते. थोडे दुखते, लाल होते. साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा. सूज वाढली किंवा धाप लागली तर मात्र थेट आरोग्य केंद्रात जा.

आता कोळेरोग. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतेच, आणि दोष नावाचा आहे. 'कोळे' हा कानडी शब्द, अर्थ कुजणे. कोळ्याशी त्याचा संबंध नाही. संततधार पावसात फायटोफ्थोरा ही बुरशी घडांवर वाढते आणि हिरवी सुपारी गळते. त्यावर 1 टक्का बोर्डो मिश्रण : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी 40-45 दिवसांनी. पाऊस लांबला तर तिसरी. गळलेली सुपारी झाडाखाली कुजत ठेवू नका, गोळा करून जाळा.

कोळ्यासाठी मात्र कीटकनाशक नकोच. ती टोळ, पतंग, माश्या फुकटात खाते. वाट अडत असेल तर लांब काठीने न्हाणीकडचे धागे तोडा आणि काठीला लटकलेल्या मादीला आत पोफळींत सोडा. ती नवे जाळे विणते. अंडी ती जाळ्यात ठेवत नाही, जमिनीत खळगा करून पाचोळ्याने झाकते. तेव्हा त्या झाडांखालची जमीन एवढ्यात खरवडू नका.