पॅलाडिनने गॉब्लिन मारला, आता काय?

प्रश्न: डी अँड डीमधे (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) मी लॉफुल गुड पॅलाडिन खेळतो, म्हणजे नियम पाळणारा, भला, शपथ घेतलेला योद्धा. शरण आलेल्या गॉब्लिनला (छोटा राक्षस) मारलं, सोडला असता तर टोळीच घेऊन आला असता ना. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, बदललं, पॉवर्स गेल्या. बरोबर आहे का?

उत्तर: एडिशन कुठली ते आधी बघा. १९७४ च्या पहिल्या खेळात अलाइनमेंट म्हणजे लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (मधलं), केऑस (अराजक) एवढंच होतं, नऊ प्रकार नंतर अॅडव्हान्स्ड डी अँड डीमधे आले आणि तिथे अलाइनमेंट बदललं की लेव्हलच जायची, म्हणजे डीएमच्या हातात छडीच. २०१४ च्या पाचव्या एडिशनमधे पॅलाडिन बांधलेला असतो तो स्वतःच्या शपथेला, तेव्हा पात्राच्या शीटवर कुठली शपथ आहे बघा, व्हेन्जन्स (सूड) असेल तर दुष्टांना दया नाहीच, डिव्होशन (निष्ठा) असेल तर शत्रूवर दया करायची पण डोकं ठेवून, म्हणजे भांडायला जागा आहे तुम्हाला.

मला विचाराल तर पॉवर्स काढण्यात काय मजा हो? त्यापेक्षा पुढच्या वेळी एकही गॉब्लिन शरण येणार नाही, कशाला येईल, बातमी पसरलीय ना, मरेस्तोवर लढतील. आणि "नक्की मारतोयस?" हे डीएमने फासा पडायच्या आधी विचारायला हवं होतं.