सासूबाईंवर विनोद करावा का?

प्रश्न : मी सोलापुरात एका खासगी बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षे शहरातल्या एका कॅफेत आणि अधूनमधून पुण्याला जाऊन ओपन माइकमध्ये, म्हणजे नाव नोंदवून कोणालाही काही मिनिटे मंचावर येता येते अशा कार्यक्रमात, स्टँड-अप कॉमेडी सादर करते. पुण्यातले सहकलाकार म्हणतात की, पुढे जायचे असेल तर सोलापुरी बोली सोड आणि हिंदीत ये. सासूबाईंना माझे हे ‘चारचौघांत दात काढणे’ पसंत नाही, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही असे त्या म्हणतात. आणि मी त्यांच्यावरच एक विनोद करते, हे त्यांना ठाऊक नाही. तो असा : ‘आमच्या सासूबाई इतक्या चिकट आहेत की, आहेरात आलेल्या सोलापुरी चादरी अजून कपाटातच पडून आहेत.’ त्यावर हशा बेताचाच येतो. नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावे का? शिवाय एक आयोजक ‘स्पॉट (कार्यक्रमातली जागा) हवा असेल तर शो संपल्यावर एकटी भेट’ असे मेसेज पाठवतो. त्याचे काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नोकरी आत्ता सोडू नका. ओपन माइकमध्ये मानधन नसते, उलट काही ठिकाणी कलाकारालाच प्रवेशशुल्क भरावे लागते, आणि चार-पाच कलाकारांच्या लाइनअप शोमध्ये सुरुवातीला जे हातात पडते ते जाण्यायेण्यातच संपते. बरे पैसे मिळतात ते कंपन्यांच्या आणि खासगी समारंभांत. पण तिथे तुमच्याकडून वीस-तीस मिनिटांचे, कुठेही न अडखळणारे सादरीकरण अपेक्षित असते. म्हणून आपल्याकडे किती विनोद आहेत हे मोजण्यापेक्षा, अनोळखी प्रेक्षकांसमोर, वेगवेगळ्या संध्याकाळी, हमखास हशा घेणारी मिनिटे किती आहेत ते मोजावे. मैत्रिणींनी भरलेल्या कॅफेतली मिनिटे यात धरू नयेत. प्रत्येक वेळी फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि ते ऐका, कितीही नकोसे वाटले तरी. अर्ध्या तासाचा ऐवज हाती आला की नोकरीचा विचार पुन्हा करता येईल. (आठ मार्चच्या आसपास स्त्री कलाकारांना अचानक भरपूर आमंत्रणे येतात, ती जरूर घ्यावीत, मात्र त्यावरून वर्षाचे अंदाजपत्रक मांडू नये.)

सोलापूरहून हे करणे जिकिरीचे आहे, यात शंका नाही. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी इथून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते, आणि ओपन माइक रंगतात ते नेमके त्यानंतर. तेव्हा एकेका माइकसाठी धावण्यापेक्षा महिन्यातून एकदा शनिवार-रविवार पुण्यात मुक्काम करून जमतील तितके माइक साधावेत आणि एरवी सोलापुरातच प्रेक्षक शोधावेत. संक्रांतीचे हळदी-कुंकू, भिशी, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवाचे मांडव येथे तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो, मधेच लहान मुले रडतात, कोणीतरी चहा वाटत फिरते. एकदा तिथे लक्ष धरून ठेवता आले की पुण्यातला अंधारलेला, शांत कॅफे फारच सोपा वाटू लागतो.

बोलीबाबत तुमच्या सहकाऱ्यांचे अर्धेच खरे आहे. हिंदीचा बाजार मोठा आहे, हे मान्य. पण ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींनी मराठी स्टँड-अप उभे केल्यापासून मराठीलाही तिकीट काढणारा प्रेक्षक आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकत वाढलेला कान पुण्या-मुंबईच्या किती कलाकारांकडे आहे? धोका निराळाच आहे. ‘काय करलालाव बे’ म्हटले की पुण्यात लोक हसतात, आणि तो हशा फुकटचा असतो. पहिल्या मिनिटानंतर त्यांना ‘बे’ची सवय होते आणि मग विनोदालाच उभे राहावे लागते. बोली ठेवा, तिच्या जिवावर हशा मागू नका. हिंदीत करावेसे वाटलेच तर निराळे पाच मिनिटे लिहा, मराठीचे भाषांतर करू नका.

आता चादरी. तुमचा विनोद पडतो, कारण तुम्ही निकाल आधी सांगता. ‘चिकट’ हा शब्द आला की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही, आणि चिकट सासू त्याने शंभरदा ऐकलेली असते. कपाट मात्र त्याने ऐकलेले नाही, तेव्हा सुरुवात तिथून करावी. उदाहरणार्थ : ‘आमच्या घरी कपाटभर सोलापुरी चादरी आहेत. सगळ्या कोऱ्या. आम्ही पांघरतो गोधडी, कारण चादरी पाहुण्यांसाठी आहेत. पाहुणे सोलापूरचेच. ते येताना चादर घेऊन येतात.’ इथे पहिला हशा यावा. तो ओसरू द्या आणि मग म्हणा : ‘पाच वर्षं झाली लग्नाला. सासूबाई म्हणतात, तू घरचीच आहेस. मी वाट बघतेय, कधी होईन पाहुणी.’ ‘पाहुणी’ हा शब्द अगदी शेवटी ठेवला आहे, कारण त्यानंतर उच्चारलेले काहीही हशात बुडून जाते. शिवाय आता प्रेक्षक सासूबाईंना हसत नाही. ‘घरचीच’ म्हणून सुनेला काय मिळते आणि काय मिळत नाही, याला हसतो. समोर बसलेल्या निम्म्या बायकांना ते कपाट ओळखीचे असेल.

असा विनोद सासूबाईंना तुम्ही स्वतः ऐकवू शकाल, आणि तो यूट्यूबवर जाण्याआधी ऐकवाच. मंचावरचे बोलणे त्या रात्रीपुरते असते, व्हिडिओ मात्र जावेच्या माहेरपर्यंत पोहोचतो. त्यांनी नको म्हटले तर काय, हे तुम्हालाच ठरवावे लागेल. माझ्या मते कार्यक्रमात ठेवावा, व्हिडिओतून गाळावा. संस्कृतीचे म्हणाल, तर सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडात रंगवलेली सून भवानीआईला रोडगा कबूल करून सासू-सासऱ्यांपासून सुटका मागते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीच्या वाटेवर ते भारूड आजही टाळमृदंगावर रंगते. तिच्यापुढे तुमची चादर फारच सोज्वळ आहे.

आयोजकाबद्दल : एकटीने भेटायला जाऊ नका, मेसेज पुसू नका, आणि त्याच्याकडे माइक करणाऱ्या इतर मुलींना विचारा, कारण असे मेसेज सहसा एकीलाच जात नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा केवळ पगारी कर्मचाऱ्यांपुरता नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. घटना पुण्यातली असेल तर पुणे जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात समितीचा पत्ता विचारा. मुदत तीन महिन्यांची असते आणि सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुमच्याकडे आलेल्या शेवटच्या मेसेजची तारीख आजच पाहून ठेवा.