एकच चित्र, बराच वेळ : वाचकांचे प्रश्न

चित्रं, कविता आणि रंग यांतून स्वतःच्या कामाला सुरुवात कशी मिळवावी, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी रोज मोबाईलवर भरपूर चित्रं पाहतो, आवडलेली साठवूनही ठेवतो. पण कागद समोर घेतला की काहीच सुचत नाही. इतकं पाहूनही असं का होतं?

उत्तर : इतकं पाहता म्हणूनच होतं. दोन-तीन सेकंदांत चित्राचा विषय कळतो: होडी आहे, बाई आहे, झाड आहे. तेवढ्यावर आपण पुढे सरकतो. पण होडी पाहून होडीच सुचणार. कामाला येतं ते तिच्याभोवती किती पाणी मोकळं सोडलंय, उजेड कुठून येतोय, कडा कुठे विरघळली आहे, हे सगळं. आणि ते दिसायला वेळ द्यावा लागतो.

आठवड्याला एकच चित्र घ्या आणि त्याला सलग पंधरा मिनिटं द्या. पहिली दोन मिनिटं नुसतं पाहा, हातात पेन्सिल नको. मग डोळे बारीक करा. तपशील पुसट होऊन गडद, मध्यम आणि फिकट असे तीनच भाग उरतील. चित्राचा सांगाडा तो. त्यानंतर चित्र उलटं करा, म्हणजे वस्तू ओळखण्याची सवय बाजूला पडते आणि आकार दिसू लागतात. शेवटची तीन-चार मिनिटं चित्र झाकून ठेवा आणि ५ बाय ८ सेंटीमीटरच्या चौकटीत ते आठवणीतून काढा. चौकट याहून मोठी घेऊ नका, नाहीतर लगेच नाक-डोळे काढायचा मोह होतो.

आता मूळ चित्र शेजारी ठेवून पाहा. बरंच चुकलेलं असेल, आणि तेच हवं आहे. जे मोठं झालं, जे मध्यभागी सरकलं, जे चुकूनही विसरलं गेलं नाही, त्यानेच तुम्हाला धरलं होतं. दुसऱ्या दिवशी कामाला बसाल तेव्हा हे चुकलेलं चित्र समोर ठेवा. मूळ चित्र बंदच राहू द्या.

मोबाईलची आणखी एक अडचण. त्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. ‘मोनालिसा’ फक्त ७७ बाय ५३ सेंटीमीटरची आहे, तर ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. तळहातावर दोन्ही सारखीच. म्हणून चित्राखाली लिहिलेलं माप आधी वाचा आणि शक्य असेल तर तेवढी जागा भिंतीवर दोऱ्याने आखून पाहा.

प्रश्न : आवडत्या चित्रातले रंग निवडून मी माझ्या चित्रात वापरते. रंग तेच असतात, तरी माझं चित्र कधी भडक, कधी मळकट दिसतं. कुठे चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा तीन ठिकाणी: प्रमाणात, शेजारात आणि मिसळण्यात.

प्रमाण सर्वांत आधी, कारण ते कुणी मोजतच नाही. चित्राच्या प्रिंटवर १० बाय १० अशी शंभर चौकोनांची जाळी आखा आणि कोणता रंग किती चौकोनांत आहे ते मोजा. ज्या लाल रंगासाठी तुम्ही ते चित्र निवडलं, तो अनेकदा शंभरात तीन-चार चौकोनच भरतो. बाकीची जागा करड्या, मातकट, दबलेल्या रंगांची असते आणि त्यांच्याच जिवावर तो लाल पेटतो. १८३२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात टर्नरचं करडं समुद्रचित्र कॉन्स्टेबलच्या लाल रंगाने भरलेल्या चित्राशेजारी लागलं होतं. टर्नरने आपल्या समुद्रात लाल रंगाचा एक लहानसा ठिपका ठेवला, नंतर त्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला, आणि शेजारचं सगळं लाल फिकं पडलं. तुम्ही पाच रंग घेऊन पाचांना सारखी जागा दिलीत, तर चित्र भडक होणारच.

दुसरा मुद्दा शेजाराचा. पॅरिसच्या गोबलाँ या विणकामाच्या कारखान्यात काळ्या धाग्याचा रंग नीट बसत नाही अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं तेव्हा रंग पक्का निघाला. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे काळा फिका वाटत होता. या निरीक्षणातून पुढे १८३९ मध्ये त्यांचा रंगांच्या परस्परपरिणामांवरचा ग्रंथ आला. तुमच्यासाठी याचा उपयोग असा : मध्यम करड्या रंगाच्या जाड कागदाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून चित्राचा एकेक भाग पाहा. जो ‘पांढरा’ वाटत होता तो फिकट जांभळा निघेल, ‘हिरवा’ जवळजवळ राखाडी असेल. रंग जुळवायचा तो भोकातून दिसलेला. मात्र कागदावर लावल्यावर तो शेजाऱ्यांसकट पाहायचा, एकटा नाही.

मिसळताना नेहमी फिकट रंग आधी घ्या आणि गडद रंग ब्रशच्या टोकाने थोडा थोडा त्यात घाला. उलट केलंत तर गडदाला उजळवता उजळवता वाटीभर रंग फुकट जातो. जलरंग वाळल्यावर फिकट होतात, अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद, म्हणून ओला रंग जुळला यावर विश्वास ठेवू नका; कागदाच्या पट्टीवर लावा, वाळू द्या, मग ताडून पाहा. मळकटपणाचं नेहमीचं कारण म्हणजे तीनपेक्षा जास्त रंगद्रव्यं एकत्र येणं. इथे ट्यूब मोजून चालत नाही, कारण एकाच ट्यूबमध्ये दोन-तीन रंगद्रव्यं असू शकतात. लेबलवर ‘पीबी २९’ सारखे संकेत असतात (हा अल्ट्रामरीन निळ्याचा), ते वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनमध्ये शेंदरीकडे झुकणारा लाल घातला की जांभळ्याऐवजी तपकिरी मिळतो, कारण त्या लालमध्ये पिवळ्याची छटा आधीच असते. तिथे गुलाबीकडे झुकणारा क्विनाक्रिडोन घ्या. पिवळा गडद करायला काळा वापरू नका, तो शेवाळी होतो. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घाला.

आणि मूळ चित्राचे रंग तरी मूळ आहेत का, हेही पाहावं. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या आपल्या शयनगृहाच्या भिंती फिकट जांभळ्या असल्याचं पत्रात लिहिलं आहे. आज त्या निळ्या दिसतात, कारण त्यातलं लाल रंगद्रव्य उजेडाने उडालं. तुमच्या पेटीतला अस्सल अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) हाही असाच उडणारा रंग आहे. टिकाऊ काम करायचं असेल तर तो टाळा.

प्रश्न : कविता वाचून चित्र काढायला बसले की कवितेतलं झाड, नदी, पक्षी असंच काढलं जातं. ते पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं वाटतं. कवितेतून आणखी काय घ्यायचं?

उत्तर : कवितेतल्या वस्तू सोडा, तिचा क्रम घ्या. कुठला रंग आधी, कुठला नंतर, नजर कुठून कुठे जाते, हे बहुतेक वाचकांच्या हातून निसटतं.

बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. आठच ओळींची आहे, त्यामुळे हे काम समोर मांडून दाखवता येतं. कविता हाताने लिहून काढा आणि रंगाच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. पहिल्या ओळीत हिरवाळी, दुसरीत निळासावळा झरा. तिसऱ्या ओळीत रंग नाही, टेकडीकडचं चिमुकलं गाव आहे. चौथीत पुन्हा हिरवा. पाचवीत पायवाट पांढरी. सहावीत एकाच ओळीत हिरवा आणि काळा. सातवीत पाण्यावर काळिमा. आणि आठवीत, जिथे तो औदुंबर पाय टाकून बसला आहे, तिथे रंगाचा एकही शब्द नाही.

आता १० सेंटीमीटर लांबीच्या आठ पट्ट्या एकाखाली एक आखा आणि त्यांत हा क्रम भरा. रंग नसलेल्या ओळींची पट्टी कोरी ठेवा. पांढरा सबंध कवितेत एकदाच येतो, तोही वाट म्हणून, म्हणजे बारीकच. त्याला अर्धा सेंटीमीटर पुरे. पट्ट्यांकडे लांबून पाहिलंत की रचना कळते. आधी मोकळा, उजेडातला हिरवा-निळा पसारा, मग दूर गेलेली नजर अडवून खाली आणणारी एक उजळ रेघ, मग अंधार, आणि अंधारात शेवटी फक्त एक बसलेली आकृती.

ही रचना झाडावाचूनही उभी राहते. इमारतीचा जिना, रात्रीचा रेल्वे फलाट, रिकामं सभागृह, कशावरही ती बसवून पाहा. उजेडाची एक रेघ अंधाराकडे जाते आणि तिच्या टोकाशी कुणीतरी स्वस्थ आहे. औदुंबर काढला नाही तरी कवितेशी नातं तुटत नाही, उलट मला तर ते जास्त घट्ट वाटतं.

दीर्घकविता सुरुवातीला घेऊ नका, आठ ते बारा ओळी पुरतात. कवितेत रंगाचा शब्दच नसेल तर ओळींची लांबी घ्या. लांब ओळीला लांब फटकारा, तुटक ओळीला तुटक, आणि वाचताना जिथे थांबता तिथे कागद कोरा.

प्रश्न : चित्र पाहून कविता लिहितो, पण ती चित्राचं वर्णन होऊन बसते.

उत्तर : आधी कविता लिहूच नका, यादी करा. चित्र पाहत पंधरा नामं आणि दहा क्रियापदं लिहा, विशेषण एकही नको. मग पहिल्या नजरेत कुणालाही दिसतील असे शब्द खोडा. उरलेल्यांत बहुधा काठावरचं काहीतरी असतं, म्हणजे अर्धा कापला गेलेला हात, मागची खिडकी, वेगळीकडे पाहणारा माणूस. ब्रूगेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इकॅरसच्या (ग्रीक कथेतला, मेणाचे पंख वितळून पडलेला मुलगा) चित्रात समुद्रात पडलेल्या इकॅरसचे फक्त पाय दिसतात, तेही कोपऱ्यात. समोर शेतकरी मान खाली घालून नांगर धरून चालला आहे. कविता त्या शेतकऱ्याकडून सुरू करून पाहा. किंवा चित्रातल्या क्षणाच्या मिनिटभर आधी, नाहीतर तासाभराने काय झालं, ते लिहा.

पहिल्या खर्ड्यात रंगाचं नाव अजिबात येऊ देऊ नका. हिरवागार, निळाशार, लालभडक हे जोडशब्द हाताशी तयार असतात आणि ते आले की पाहणं थांबतं. रंग सांगायचाच असेल तर तो काय करतो ते सांगा: भिंतीवरून उतरतो, चेहऱ्यावर चढतो, बोटांना लागतो. ‘कॅनव्हासवर’, ‘चौकटीत’, ‘चित्रकाराने’ हे शब्दही काढून टाका. मग ज्याने चित्र पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी वाचायला द्या. त्याने ‘चित्र दाखव, मग कळेल’ म्हटलं तर खर्डा अजून कच्चा आहे.

प्रश्न : दुसऱ्याचं चित्र समोर ठेवून काम करणं म्हणजे नक्कलच ना?

उत्तर : सराव म्हणून नक्कल करायला काहीच हरकत नाही. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये मिले यांच्या चित्रांच्या कृष्णधवल प्रती समोर ठेवून वीसेक चित्रं केली. रेखाटन मिलेंचं, रंग सगळे स्वतःचे. पिकासोने १९५७ मध्ये व्हेलाझ्केझच्या १६५६ मधल्या एकाच चित्रावर चाळीसहून अधिक चित्रं रंगवली. दोघांनीही मूळ कुणाचं ते लपवलं नाही. मूळ चित्रातल्या रचना, रंग आणि विषय या तीन गोष्टींपैकी एकच घ्या आणि दोन स्वतःच्या ठेवा. तिन्ही घेतल्या असतील तर ते चित्र वहीतच राहू द्या. हयात चित्रकाराच्या कामावरून काही केलं असेल तर प्रदर्शनात लावण्याआधी किंवा विकण्याआधी परवानगी घ्या.

प्रश्न : मला लाल आणि हिरव्यात गल्लत होते. रंगांमध्ये काम करणं सोडून द्यावं का?

उत्तर : मुळीच नाही. लाल-हिरव्यातली गल्लत पुरुषांमध्ये बरीच आढळते, आणि अशा नजरेला गडद-फिकट तसंच निळा-पिवळा हे फरक सहसा व्यवस्थित कळतात. त्यांच्यावर रचना उभी करा. पॅलेटवर रंगांचा क्रम एकदा ठरवा आणि तो कधीही बदलू नका. ट्यूबवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा. मोतीबिंदूमुळे रंग ओळखू येईनासे झाले तेव्हा क्लोद मोने यांनीही ट्यूबवरची नावं आणि पॅलेटवरचा ठरलेला क्रम यांच्या आधारेच काम चालू ठेवलं होतं. १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. अधूनमधून चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. त्यात लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेचे दिसत असतील तर दोहोंपैकी एक उजळ किंवा गडद करा.