वाचक विचारतात: पद्मिनीच्या इंजिनावर रेसची गाडी

मागच्या अंकात माझ्या शेडमधल्या घरी बांधलेल्या गाडीबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, १९५० च्या दशकातल्या रेसकारसारखी, उघडी, दोन सीटची, एकच नग, आणि त्यावर एवढी पत्रं आली की मलाच भरून आलं. सगळी वाचली. आपल्या मराठवाड्यात एवढ्या जणांच्या डोक्यात ही गाडी फिरतेय हे मला माहीतच नव्हतं. त्यातले पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न: काका, मी लातूरचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या वर्कशॉपात सात वर्षं झाली काम करायलो. जॅग्वार डी-टाइपचे फोटो बघून बघून तसलीच गाडी बनवायचं डोक्यात बसलंय. मामाच्या गोठ्यात एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे, इंजिन फिरतंय. पण एवढ्याशा इंजिनावर काय होणार असं सगळे म्हणायलेत. पिकअपचं डिझेल इंजिन टाकू का?

उत्तर: भाऊ, डिझेल अजिबात नको. नाकावर वजन येईल आणि गाडी वळायलाच मागणार नाही. आणि डी-टाइपची नक्कल पण नको असं मी मनापासून सांगतो. १९५५, ५६, ५७ अशी सलग तीन वर्षं ती ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण तिच्या त्या लांब नाकाखाली साडेतीन लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं म्हणून ते नाक तसं होतं. आपल्या इंजिनावर ते झाकण घातलं तर आत निम्मी जागा रिकामी राहणार, आणि बघणाऱ्याला ते कळतं, का कळतं ते त्याला सांगता येत नाही पण कळतं.

आता तुमच्या गोठ्यात काय उभं आहे ते ऐका. पद्मिनी म्हणजे फियाट ११००, १०८९ सीसी, आपल्याकडे प्रीमियरने १९६४ पासून कुर्ल्याला बनवलेली. आपल्याला ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून माहीत. पण तिकडे इटलीत युद्ध संपल्यावर लोकांकडे पैसा नव्हता, माल नव्हता, आणि लहान लहान शेडमधून माणसं या ११०० च्याच सामानावर रेसकार बांधत होती. सिसितालिया कंपनीची डी-४६ रेसकार, १९४६ ची, पाइपच्या जाळीची चेसीस आणि फियाट ११०० चं इंजिन, डिझाइन फियाटच्याच इंजिनिअरचं, दान्ते जाकोसाचं. पुढे १९५८ ला फॉर्म्युला ज्युनियर, म्हणजे छोट्या इंजिनांच्या रेसकारची शर्यत, सुरू झाली तेव्हा सुरुवातीला मोदेनाच्या स्टँगुएलिनी गाड्यांनी सगळ्यांना मागे टाकलं, आणि त्यांच्यात इंजिन कुठलं, तर १०८९ सीसीचं फियाट! म्हणजे तुमच्या मामाच्या गोठ्यात कडब्याशेजारी रेसच्या घराण्यातलं इंजिन उभं आहे, त्याला एवढंसं म्हणू नका.

हिशोब पण करून बघा. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास आणि घोडे चाळीसेक. तेच इंजिन पाचशे किलोच्या गाडीत घातलं तर पद्मिनीत बहात्तर घोडे असल्यासारखं पळेल. शिवाय इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, पुढच्या चाकांना विशबोन (त्रिकोणी आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, म्हणजे आपल्याला पाहिजे तसलंच सगळं. गिअर मात्र स्टेअरिंगजवळ आहे, तो खाली जमिनीवर आणायला लिंकेज, म्हणजे सळ्यांची जोडणी, बनवावं लागेल, ट्रॉलीवाल्याला ते अवघड नाही.

आणि एक. पाइप कापायच्या आधी महिनाभर नुसतं बसा. जमिनीवर चटई टाका, पाठीला तिरपी फळी, पाय लांब, ढुंगणाखाली दोन इंच फोम, छातीसमोर स्टेअरिंग दोरीने टांगा, पेडलच्या जागी विटा ठेवा. गिअरबॉक्स खरोखरचा आणून शेजारी ठेवा, पुठ्ठ्याचा नको. उजव्या पायाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही बूट घालून दाबता येतात का, गुडघा स्टेअरिंगला लागतो का, ते बघा. बायकोला नाहीतर भावाला खडू द्या आणि भिंतीवर तुमची बाजूची आकृती काढून घ्या. माणूस, इंजिन, चार चाकं, एवढं भिंतीवर बसलं की बॉडीची रेघ त्यांच्यावरून ओढायची. ती रेघ तुमची स्वतःची असेल.

प्रश्न: जालन्याहून लिहितोय. चौकोनी पाइपची चेसीस बनवली, १ इंची. टॅक मारली, म्हणजे नुसते वेल्डचे ठिपके दिले, तेव्हा सगळं गुण्यात (काटकोनात) होतं, फुल वेल्डिंग केल्यावर पीळ आला. कामून झालं असेल? आता फेकून द्यावी का?

उत्तर: फेकू नका. माझ्या पहिल्या चेसीसला पण हेच झालं होतं. मी पुढच्या टोकाला सुरुवात केली आणि हुरूप आला म्हणून रात्री अकरापर्यंत एका दमात मागपर्यंत वेल्ड करत गेलो, सकाळी कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा ९ मिमी जास्त. खूप वाईट वाटलं. तीन महिन्यांच्या रविवारी ती कापून परत जोडली.

कारण सोपं आहे, वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो, एका बाजूने करत गेलं की सगळी ओढ एकाच बाजूला साठते. म्हणून सगळी चेसीस आधी टॅकवर उभी करायची, तिरप्या पाइपांसकट, मग एक सांधा पुढे डावीकडे, पुढचा मागे उजवीकडे, एक वर, एक खाली, आणि प्रत्येक दोन-चार सांध्यांनंतर कर्ण मोजायचे. खाली दोन जाड चॅनल टाकून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल करा आणि चेसीस त्यांना क्लॅम्प लावून धरा. तुमच्या बाबतीत आता पीळ नेमका कुठल्या चौकटीत आहे ते शोधा, त्या चौकटीचे तिरपे पाइप एका बाजूने ग्राइंडरने सोडवा, चेसीस ओढून गुण्यात आणा, परत टॅक. सगळी उसवायची गरज पडत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत इंजिनच्या बाजूच्या चौकटीत तिरपा पाइप दिसत नाही. काड्यांची चौकट बांधून कोपरा दाबून बघा, लगेच झुकते, एक तिरपी काडी बांधली की झुकायचं नाव घेत नाही. जाळीच्या चेसीसचा सगळा जीव त्या तिरप्या काडीत आहे. मासेराटीने १९५९ च्या सुमाराला पिंजरा गाडी काढली, टिपो ६१, तिच्यात दोनशेच्या आसपास बारीक पाइप होते आणि सगळे त्रिकोणात. आपल्याला तेवढे नकोत, पण एकही चौकट रिकामी नको. इंजिन काढता यावं म्हणून रिकामी ठेवली असेल तर तिथला तिरपा बोल्टवर बसवा.

पाइपची जाडी व्हर्नियरने मोजा. खुर्च्या-टेबलांना वापरतात तो पातळ पाइप नको, १.६ मिमी पाहिजे, ६ मीटरची नळी जवळपास ७ किलो भरते, काट्यावर टाकून बघितलं तरी कळेल.

प्रश्न: मी वाळूजला प्रेस शॉपमध्ये आहे, छत्रपती संभाजीनगर. बॉडी फायबरची करावी की ॲल्युमिनियमची? ॲल्युमिनियम हाताने ठोकून जमतं का हो खरंच?

उत्तर: जमतं. फायबर वाईट नाही, पण एकाच गाडीसाठी आधी नमुना, मग साचा, मग बॉडी, म्हणजे तीनदा तेच काम. एकच नग असेल तर मी पत्रा ठोकणार. ८ बाय ४ फुटांची १.२ मिमी ॲल्युमिनियमची शीट साधारण साडेनऊ-दहा किलोची, तीच लोखंडाची २८.

तुमच्या प्रेसमध्ये पत्रा एका दणक्यात आकार घेतो, इथे त्याला हजार टोल्यांत समजवावं लागतं. घागर मठारणारा तांबट कधी बघितलाय का, तसंच. जाड कातड्याच्या पिशवीत वाळू भरायची, त्यावर पत्रा, आणि लाकडी हातोड्याने मधून बाहेर बाहेर येत ठोकायचं. सुरुवातीला पत्रा अक्रोडाच्या सालीसारखा दिसतो, सगळे हसतात, घाबरायचं नाही. मग तो इंग्लिश व्हीलमधून, म्हणजे दोन चाकांच्या मधून, मागे-पुढे फिरवला की गुळगुळीत व्हायला लागतो.

कान उघडे ठेवा. मऊ पत्रा थप थप वाजतो, ठोकून ठोकून कडक झाला की आवाज टणक होतो, ठण ठण. तो आवाज आला की थांबा, पुढे मारलं तर तडा जाणार. आता तापवून मऊ करायचा. कपड्याच्या साबणाची वडी घ्या, पत्र्यावर रेघा ओढा, आणि गॅसची मऊ ज्योत मागच्या बाजूने सारखी फिरवत ठेवा. रेघ आधी पिवळट, मग तपकिरी, आणि काळी पडली की ज्योत बाजूला. डोळे रेघेवरून हलवायचे नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि लोखंडासारखं लाल होऊन आधी सांगत नाही, जसं होतं तसं दिसतं आणि एकदम भोक पडतं, माझं पुढचं डावं मडगार्ड असंच गेलं, वीस तासांचं काम. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हे करू नका, घाम डोळ्यात जातो आणि उन्हात रेघेचा रंग कळत नाही. पहाटे करा.

त्याआधी प्लायवूडचा सांगाडा पाहिजे, सहा-आठ इंचांवर एक छेद, त्यावर पत्रा बसवून बसवून बघायचा. आणि माल घेताना मऊ ग्रेड मागा, दुकानदार चेकर प्लेट आणि दरवाज्यांचा कडक पत्रा गळ्यात मारतात.

प्रश्न: गाडी झाल्यावर परभणीत पासिंग होईल का? पद्मिनीचं आरसी बुक आहे माझ्याकडे, त्याच नंबरवर चालवू का?

उत्तर: नाही. स्पष्टच सांगतो, कारण या बाबतीत कुणीतरी गोड बोलून तुम्हाला फसवेल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी त्या आरसीवर चालत नाही, आणि इथे तर अख्खी चेसीसच वेगळी. नवीन म्हणून नोंदवायची तर आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रोटोटाइप मंजुरी लागते, ते कारखानदारांसाठी आहे, एका गाडीसाठी परवडणारं नाही. इंग्लंडमध्ये एकेका गाडीची तपासणी करून नंबर देतात, आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला तशी सोय नाही. जुनी गाडी मोडली की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करा. आपली गाडी छोटा हत्तीत घालून न्यायची आणि ट्रॅकवर नाहीतर स्वतःच्या जागेत पळवायची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरला ट्रॅक आहेत, लांब आहेत, मला माहितीये. पण शेतातल्या रस्त्यावर सुद्धा शेजाऱ्याला विचारल्याशिवाय नको, तिथे शेळ्या असतात, पोरं असतात.

प्रश्न: मी बीडची, शिक्षिका आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, दोन मित्रांबरोबर घरामागे अशीच गाडी बांधतोय. अभ्यास बुडतोय याची मला काळजी नाही, जिवाची आहे. त्याला नाही म्हणू का?

उत्तर: ताई, नाही म्हणू नका, पण तीन गोष्टी झाल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि त्या तुम्ही स्वतः बघा.

पहिली, डोक्यामागे रोल हूप, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान. जुन्या गाड्यांना नसायचा म्हणून मुलं म्हणतील लुक जातो. जाऊ द्या. सीमलेस पाइपचा, हेल्मेटच्या दोन इंच वर, मागे दोन तिरपे आधार देऊन चेसीसच्या सांध्यांवर उतरवलेला, मधल्या पाइपवर नाही. त्यालाच धरून सीटचा पट्टा.

दुसरी, ब्रेक. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम आणि सगळं ऑइल एकाच लाइनमध्ये, एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं. पुढची आणि मागची लाइन वेगळी असलेला मास्टर सिलिंडर लावायला सांगा.

तिसरी, बोल्ट. स्टेअरिंग आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (मजबुतीचा आकडा) लिहिलेलं पाहिजे, नसेल तो बोल्ट काढा. नट नायलॉनवाले, आणि आवळल्यावर प्रत्येकावर पिवळ्या पेंटची रेघ, नटवरून पाइपवर, म्हणजे सैल झाला की रेघ तुटलेली लांबून दिसते. १९४६ ला इटलीत तुरीनच्या शर्यतीत नुव्होलारीसारख्या नामांकित रेसरच्या सिसितालियाचं स्टेअरिंग चालत्या गाडीत हातात आलं होतं. तो वाचला, कारण तो नुव्होलारी होता.

दर रविवारी संध्याकाळी त्या रेघा तुम्ही मोजा, टॉर्च घेऊन. मुलांना आईसमोर खोटं सांगवत नाही. आणि रोल हूप बसवला की सांध्यांचे जवळून फोटो काढून मला पाठवा, मी बघून सांगतो.