'सेट' या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि आपले 'बसणे'

इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. 'सेट' या एवढ्याशा इंग्रजी शब्दाला कोशात शेकडो अर्थ दिलेले असतात, तर त्या सर्वांच्या मुळाशी एखादा अर्थ आहे का, हा पहिला प्रश्न. 'उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश बाजूला ठेवला' असे वाक्य त्यांच्या वाचनात आले. मूळ इंग्रजीत तेथे 'सेट असाइड' असणार, तर हे भाषांतर योग्य आहे का, हा दुसरा.

शेकडो अर्थ ही अतिशयोक्ती नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदवलेले असून ती एकच नोंद साधारण साठ हजार शब्दांची, म्हणजे एका लहान पुस्तकाएवढी आहे. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. मात्र या आकड्यांनी दबून जाण्याचे मराठी माणसाला कारण नाही, कारण 'सेट'चे मूळ ज्या कल्पनेत आहे तीच कल्पना आपल्या एका अगदी घरगुती क्रियापदात आहे आणि त्यानेही असाच पसारा मांडलेला आहे.

'सेट' हे 'सिट' या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे, इतका सरळ हा संबंध आहे. प्राचीन इंग्रजीत ही जोडी 'सित्तन' आणि 'सेत्तन' अशी होती. त्याच्याही आधीच्या जर्मानिक अवस्थेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन या भाषांच्या समान पूर्वज भाषेत, प्रयोजकाचे रूप 'सत्यन' असे होते असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यातील 'य'च्या प्रभावाने आधीच्या 'अ'चा 'ए' झाला. झाड पडणे या अर्थी 'फॉल' आणि ते पाडणे या अर्थी 'फेल' ही इंग्रजीतील जोडीही अशाच घडणीची आहे. आपण पडणे–पाडणे, मरणे–मारणे या जोड्यांत स्वर बदलून जे साधतो तेच येथे साधलेले आहे. फरक एवढाच की मराठीत ही सोय अजून जिवंत आहे, तर इंग्रजीत तिचे थोडे अवशेष उरले आहेत.

या 'सिट–सेट'चा मूळ धातू आपल्यालाही परका नाही. संस्कृतातील 'सद्' म्हणजे बसणे हा त्याच कुळातला. सदन, सदस्य, सभासद, परिषद, संसद, उपनिषद हे सगळे शब्द 'सद्'पासून आलेले आहेत. त्यांच्यात मला सर्वांत आवडतो तो 'प्रसन्न'. गढूळ पाणी भांड्यात स्थिर राहिले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. 'प्र' उपसर्ग लागलेल्या 'सद्'मध्ये हे निवळणे आहे, आणि निवळलेल्या मनाला आपण प्रसन्न म्हणतो. शब्दाचा प्रवास इतक्या सुंदर रीतीने डोळ्यांसमोर उभा राहण्याचे प्रसंग फार थोडे असतात.

आता मराठीकडे येऊ. आपले 'बसणे' 'सद्'पासून आलेले नाही. जुन्या मराठीतील 'बैसणे'च्या मागे संस्कृतातील 'उपविश्' आहे. परंतु अर्थाच्या वाटा दोन्हीकडे इतक्या सारख्या आहेत की आश्चर्य वाटावे. निखळलेले हाड इंग्रज डॉक्टर 'सेट' करतो, आपण ते बसवतो. अंगठीत हिरा 'सेट' करतात, आपण कोंदणात खडा बसवतो. खेळपट्टीवर स्थिरावलेला फलंदाज इंग्रजीत 'सेट' असतो, आणि मराठीत त्याचा जम बसलेला असतो. याखेरीज आपला आवाज बसतो, घडी बसते, विश्वास बसतो, धक्का बसतो, नवरात्रात घट बसतात, दिग्दर्शक नाटक बसवतो. या सर्व प्रयोगांचे अर्थ वेगळे मोजले तर आपल्या कोशातली नोंदही बरीच लांब होईल, पण बोलताना आपल्याला त्यांचे ओझे जाणवत नाही, कारण 'एखादी गोष्ट तिच्या जागी येऊन टेकणे' ही मुळातली जाणीव आपल्या मनात पक्की असते. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात 'सेट'विषयी तीच जाणीव असते: जे हलते किंवा अनिश्चित आहे ते एका जागी, एका स्थितीत किंवा एका मूल्यावर पक्के करणे. तारीख ठरवणे, घड्याळ लावणे, सापळा लावणे, नियम घालून देणे, हे सारे त्यातूनच निघते. सूर्य मावळण्याला 'सेट' म्हणतात तेही सूर्य खाली जाऊन टेकतो या कल्पनेने.

एक मोठा अपवाद मात्र सांगितला पाहिजे, कारण त्याने अनेकांची गफलत होते. कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट यांतील 'समूह' या अर्थाचे नाम मुळात वेगळा शब्द आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. त्यामागील क्रियापदाचा अर्थ मागोमाग जाणे असा असून त्याचा संस्कृतातील सगोत्र धातू 'सच्' हा आहे, ज्यापासून मुळात सोबती या अर्थाचा 'सचिव' शब्द झाला. म्हणजे एका 'सेट'चे नाते संसदेशी आणि दुसऱ्याचे सचिवाशी आहे. पुढे खुद्द इंग्रजांनाच हे दोन शब्द एक वाटू लागले, कारण समूहातील वस्तू एकत्र मांडलेल्याही असतात, आणि दोन्हींचे अर्थ एकमेकांत मिसळले. मराठीला हा घोळ सोसावा लागत नाही. गणिताच्या पाठ्यपुस्तकांनी समूहवाचक 'सेट'साठी 'संच' हा शब्द रुजवला असून नववीच्या पुस्तकातले पहिले प्रकरणच त्या नावाचे आहे. नाटकाचा सेट मात्र क्रियापदाच्या घरातला, मांडलेला किंवा उभारलेला असतो.

मराठीत 'सेट'साठी एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. इंग्रजीत क्रियापद एकच राहते आणि कर्म बदलते. मराठीत कर्म बदलले की क्रियापदही बहुधा बदलते. गजर लावायचा, ताटे मांडायची, प्रश्नपत्रिका काढायची, दर ठरवायचे, कवितेला चाल लावायची. म्हणून भाषांतर करताना 'सेट'कडे न पाहता त्याच्या पुढच्या शब्दाकडे पाहावे.

पाककृतींच्या बाबतीत मला थोडी कळकळीने विनंती करावीशी वाटते. हल्ली दही सेट होते, खरवस सेट होतो, वडीचे मिश्रण सेट करायला ठेवतात आणि खोबरेल तेलही थंडीत सेट होते. वास्तविक कोमट दुधात चमचाभर विरजण घालून भांडे रात्रभर हलवले नाही, तर सकाळी दही लागलेले असते. भांडे तिरके केले तरी दही सरकत नाही, तेव्हा त्याला कवडी दही म्हणतात. खोबरेल थिजते, रस्सा आटतो, पाक घट्ट होतो, थापलेल्या मिश्रणाच्या वड्या पडतात. या प्रत्येक क्रियापदात पदार्थाचे नेमके काय झाले ते सांगितलेले आहे: थिजलेले तेल उष्णता लागताच पुन्हा पातळ होईल, लागलेल्या दह्याचे पुन्हा दूध होणार नाही. 'सेट होणे' हा भेद पुसून टाकते. बांधकामात मात्र मी 'सेटिंग' हा शब्द आनंदाने स्वीकारतो, कारण तेथे त्याला काटेकोर पारिभाषिक अर्थ आहे. साधे पोर्टलँड सिमेंट पाण्यात कालवल्यावर ३० मिनिटांच्या आत घट्ट होऊ लागता कामा नये आणि त्याचे सेटिंग ६०० मिनिटांच्या आत पुरे झाले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. त्यानंतर दिवसेंदिवस वाढत जाणारी मजबुती ही निराळी गोष्ट आहे.

'मुलगा पुण्यात सेट झाला' हा आपला प्रयोग 'सेटल' या वेगळ्या शब्दावरून आला असावा असे मला वाटते. तोही 'सद्'च्याच कुळातला आहे, आणि 'स्थिरावला' किंवा 'बस्तान बसवले' हे त्याचे चांगले मराठी आहे. बसणे येथेही आहेच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. 'सेट असाइड'चे दोन अर्थ आहेत. घरखर्चातून काही रक्कम 'सेट असाइड' केली असेल, तर 'बाजूला काढून ठेवली' हे अचूक भाषांतर होते. न्यायालयाने आदेश 'सेट असाइड' केला असेल, तर तो आदेश रद्द झाला, त्याचा अंमल संपला. 'आदेश बाजूला ठेवला' असे लिहिल्यास वाचकाला वाटेल की त्यावरचा निर्णय तूर्त लांबणीवर पडला आहे. शिवाय न्यायालयीन मराठीत 'निकाल राखून ठेवला' असा रूढ प्रयोग असून त्याचा अर्थ सुनावणी संपली, निकाल नंतर देणार, असा होतो; 'बाजूला ठेवला'चा त्याच्याशी सहज गोंधळ होईल आणि ज्याच्या विरुद्धचा आदेश रद्द झाला आहे त्याला आपण अजून वाट पाहायची आहे असे वाटत राहील. कायद्यातला 'सेट ऑफ' हाही असाच जपून हाताळण्याचा शब्द आहे. शिक्षा होण्यापूर्वी आरोपीने कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून 'सेट ऑफ' होतात, म्हणजे त्यांची वजावट मिळते. तेव्हा आपण वाचलेले वाक्य 'उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला' असे हवे होते. अधिक औपचारिक लिहायचे असल्यास 'रद्दबातल ठरवला' असे लिहावे.