अंतरपाट दूर झाला, दुसरी सही राहिली

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचकानं विचारलंय: एप्रिलमध्ये आमचं लग्न झालं. त्याआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही केली होती, दुसरी धावपळीत राहिली. पत्नीला जर्मनीत किल इथं 2 वर्षांचं संशोधनाचं काम मिळालंय, 1 ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. मलाही जायचंय. एजंट म्हणतो, हॉलची पावती, लग्नपत्रिका, फोटो आणि एक प्रतिज्ञापत्र जोडा, काम होईल. होईल का?

नाही होणार. तुम्हाला वाचून वाईट वाटेल, पण कायद्याच्या दृष्टीनं तुमचं लग्न अजून लागलेलंच नाही. गोव्यात 1910 च्या पोर्तुगीज विवाह कायद्याप्रमाणे हिंदू जोडपं नवरा-बायको होतं ते दुसऱ्या सहीनं, दोन साक्षीदारांसमोर. पहिली सही म्हणजे नुसता इरादा. असं असताना ‘आम्ही विवाहित आहोत’ असं प्रतिज्ञापत्रावर लिहून देणं म्हणजे खोटं शपथेवर सांगणं. एजंटच्या भरवशावर हे मुळीच करू नका. पत्नीनं स्वतःच्या व्हिसा अर्जात ‘विवाहित’ लिहिलं असेल, तर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाला आपणहून कळवून दुरुस्त करून घ्या.

आता दुसरी सही करा, आणि ती विमानात बसण्याआधी. पहिल्या सहीला मुदत असते. ती उलटली असेल तर रजिस्ट्रार नव्यानं करायला लावतील, म्हणून उद्याच जाऊन विचारा. दाखल्यावर लग्नाची तारीख दुसऱ्या सहीची येईल, एप्रिलची नव्हे. पुढे प्रत्येक अर्जात तीच लिहा. आणखी एक, जे घाईत कोणी सांगत नाही: मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करायचा असेल तर तो याच सहीआधी व्हायला हवा. नंतर तुमची मालमत्ता सामाईक, आणि ते बदलता येत नाही.

जर्मनीची बाजू त्या मानानं सोपी आहे. पत्नीचा परवाना तिथल्या निवास कायद्याच्या कलम 18 डी खालचा, म्हणजे संशोधकाचा असेल, तर जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेचा दाखला लागत नाही आणि तुम्हाला तिथं नोकरीही करता येते. फक्त तिचं काम शिष्यवृत्तीवरचं आहे की संस्थेच्या करारावरचं, हे नीट पाहा. परवान्याचा प्रकार त्यावर ठरू शकतो.

सहीच्या दिवशी पासपोर्ट सोबत ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अडचणी इथंच असतात: जन्मदाखल्यात ‘कामोतिम’, पासपोर्टात ‘कामत’. रजिस्टरातलं नाव, बापाचं नाव, आडनाव अक्षर अक्षर जुळवा आणि मगच सही करा.