आधी सांध्याच्या खाली बघा

वहिनी, पॅशनफ्रूटचा वेल फोफावलाय पण फळ नाही म्हणता, तर खतावर पैसे घालण्याआधी बुंध्याशी वाकून कलमाचा सांधा, म्हणजे दोन झाडं जोडलेली जागा, शोधा. जांभळ्या पॅशनफ्रूटचं कलम सहसा पिवळ्याच्या खुंटावर, म्हणजे मुळांच्या खालच्या झाडावर, बांधतात, कारण पिवळ्याची मुळं मर रोगाला, म्हणजे मातीतल्या बुरशीने वेल सुकवणाऱ्या रोगाला, सहजी दाद देत नाहीत. पण हा खुंट जोरकस. सांध्याखालून फुटला की वरचा वेल उपाशी राहतो. पानांवरून ओळखू येत नाही, दोन्हीकडे तीन बोटांचीच. तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, बघा: पिवळ्याच्या तणाव्यांवर तांबूस झाक असते, जांभळ्याचे हिरवे. असा फुटवा कात्रीने छाटू नका, कोवळा असतानाच बुडातून ओरबाडून काढा. छाटला तर तिथूनच पुन्हा येतो.

दुसरं, सांधा मातीत गाडलेला नको. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! बुंधा उंचवट्यावर घ्या, पालापाचोळा खोडापासून वीतभर लांब ठेवा. गाडलेल्या सांध्यातून वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि मर रोगाला वाट मोकळी होते.

जमिनीत ओल असूनही वेल मान टाकत असेल, तर सांध्यावरची साल नखाने खरवडा. आत हिरवं असलं तर आशा आहे. तपकिरी असलं तर उपटा, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा पॅशनफ्रूट लावू नका.